खांब टेकत नाही, हे घरात बोलू नये

एका जंगलात अजून थोडी झाडं शिल्लक होती, तेव्हाची ही गोष्ट आहे, मुलांनो. नीट मांडी घालून बसा. तो मोबाइल उलटा ठेवा. तुम्ही अजून लहान आहात, तुमच्या डोक्यावर अजून घराचा हप्ता नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पुढे ही गोष्ट ऐकण्याच्या मनःस्थितीत तुम्ही नसाल.

त्या जंगलात कंटकराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. त्यांच्या बायकोचं नाव रेशमा. अंगभर काटे असलेल्या मुलीचं नाव रेशमा कोणी ठेवलं, असं मला विचारू नका. आईबापांना आपलं लेकरू मऊच वाटतं.

दोघं भाड्याने राहत होते. बीळ एका खवल्या मांजराचं होतं. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने होत आले की खवल्या मांजर दारात येऊन सांगायचं, "यंदा जागा लागणार बरं का. भाचा यायचाय राहायला." त्याआधीच्या घरमालकालाही भाचा होता. त्याच्याही आधीच्याला होता. सगळ्या जंगलाला भाचे होते आणि त्यांतला एकही कधी कोणी पाहिला नव्हता. या भाच्यांपायी रेशमानं सात बिळं बदलली होती.

यंदा तिला जुळं झालं. तीन आठवड्यांची पिल्लं, काटे अजून गवतासारखे मऊ. आणि खवल्या मांजर दारात उभं राहून सांगून गेलं, "पौर्णिमेला भाचा येतोय."

त्या दिवशी रेशमा कंटकरावांना म्हणाली, "अहो, या दोघांना तोंडात धरून मी आता आठव्या बिळात जायची नाही. जाईन ते आपल्या स्वतःच्या घरात."

कंटकरावांनी मान डोलावली. सात वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले कंद त्यांच्याकडे होते. त्यांनी भारद्वाजाला निरोप धाडला.

भारद्वाज हा त्या जंगलातला घरांचा दलाल. भारद्वाज दिसला की काम होतं, असं तुमची आजी सांगते ना? त्यानंही ते कुठूनतरी ऐकलं होतं. म्हणून त्यानं एजन्सी काढली. बाकीच्या पक्ष्यांना घर विकायला घसा फोडावा लागायचा. हा नुसता घरासमोरच्या फांदीवर येऊन बसायचा. गिऱ्हाईक वर बघायचं, हात जोडायचं, "शुभशकुन झाला हो!" म्हणायचं आणि टोकन काढायचं. धंद्यात इतका कमी घाम मी दुसऱ्या कोणाचा गळलेला पाहिला नाही.

भारद्वाजानं दोघांना ओढ्याकाठी नेलं. तिथे दरडीच्या पोटात, एका म्हाताऱ्या वडाखाली, रानोजीशेठ नावाच्या रानडुकरानं नवीन घर काढलं होतं. रानोजीशेठ जंगलातले मोठे बिल्डर. जमीन दिसली की उकरायची, ही त्यांची लहानपणापासूनची आवड. तिचं त्यांनी पुढे करिअर केलं.

"पूर्वेला दार," भारद्वाज म्हणाला. "समोर ओढा. मागे दरड, म्हणजे वारा नाही. आणि हॉल बघा."

हॉल खरंच मोठा होता. कंटकराव त्यात गोल फिरले. काटे कुठेच लागले नाहीत. सात बिळांत त्यांना हे सुख मिळालं नव्हतं. हॉलच्या आग्नेय कोपऱ्यात एक खांब होता. खांब कसला, वडाचंच एक जाडजूड मूळ छतातून खाली आलेलं. त्याला गेरू लावून वर पांढरे ठिपके काढले होते. अख्खी दरड त्या एका मुळावर तोललेली होती.

"उद्या सकाळी एक तरस फॅमिली येतेय बघायला," भारद्वाज सहज बोलल्यासारखं बोलला आणि समोरच्या फांदीवर जाऊन बसला.

कंटकरावांनी हात जोडले.

रेशमानं जोडले नाहीत. ती खांबाजवळ नाक नेऊन उभी होती. तिला ओल्या मातीचा वास येत होता. खांबाला लाकडाचा यायला हवा, एवढं तिला कळत होतं.

घरी जाताना ती म्हणाली, "अहो, चिकटेबाईंना एकदा दाखवू या का?"

कंटकराव जागच्या जागी थांबले.

चिकटेबाई म्हणजे जंगलातली एक म्हातारी पाल. सगळं आयुष्य भिंतींवर गेलेलं. भिंत भरीव आहे की पोकळ, चीर वरवरची की खोल, छत कुठे झिरपतं, हे त्या पायांनी ओळखायच्या. फी पन्नास डास. पण घर घेण्याआधी त्यांना बोलवायची जंगलात पद्धत नव्हती. दिशा बघायची पद्धत होती. मुहूर्त बघायची होती. शेजारी कोणते प्राणी आहेत आणि ते काय खातात, हे तर बारकाईनं बघायची होती. घर बघायची नव्हती.

"लोक काय म्हणतील?" कंटकराव म्हणाले. "रानोजीशेठना वाटेल आपला त्यांच्यावर विश्वास नाही."

"आहे का?"

"नाही. पण तसं दाखवायचं नसतं."

"काल माकडाकडून रताळं घेतलंत," रेशमा म्हणाली. "चार वेळा उलटंपालटं केलंत. वास घेतलात. नख लावून बघितलंत. माकडाला वाईट वाटलं का?"

"माकडाची गोष्ट वेगळी. शेठ मोठे आहेत."

"म्हणूनच म्हणते."

"आणि पन्नास डास!" कंटकराव म्हणाले. सात वर्षांचे कंद एका दमात द्यायला निघालेला प्राणी पन्नास डासांवर अडून बसला. हसू नका, मुलांनो. फ्लॅट घेताना तुमचे बाबा काय करत होते, ते आईला एकदा विचारा.

 रेशमानं डास स्वतः धरले.

दुसऱ्या दिवशी चिकटेबाई वेळेवर आल्या. "छान आहे हं घर," असं त्या म्हणाल्या नाहीत. पाणी घेतलं नाही. सरळ भिंतीवर चढल्या. रानोजीशेठ दारात येऊन उभे राहिले होते आणि सुळ्यात अडकलेलं काहीतरी काडीने काढत होते. भारद्वाज आज फांदी सोडून आत आला होता.

चिकटेबाई भिंतीवरून छतावर गेल्या. छतावरून खांबावर उतरल्या. उतरता उतरता मधेच थांबल्या. चार पावलं वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. मग त्यांनी बुंध्याशी नखानं थोडा गेरू खरवडला.

"रेशमा," त्या म्हणाल्या, "वरती लाकूड लागतंय. इथे खाली नुसती माती आहे. हा खांब—"

"थांबा!" भारद्वाज ओरडला. "बाई, तुम्ही घरात उभ्या आहात. घरात वाईट बोलायचं नसतं. वास्तू तथास्तु म्हणते."

हे तुम्हालाही माहीत असेल. भांडणात कोणी वेडंवाकडं बोललं की आजी म्हणते, शुभ बोल रे बाबा, वास्तू ऐकते. घराच्या पोटात वास्तुपुरुष असतो आणि त्याला एकच शब्द येतो. चांगलं बोला, तथास्तु. वाईट बोला, तरी तथास्तु. न वाचता सही करणाऱ्या साहेबासारखं त्याचं काम.

"मी वाईट कुठे बोलतेय?" चिकटेबाई म्हणाल्या. "मी खांबाबद्दल बोलतेय. खांब जमिनीला टेकत नाही."

 छतातून चिमूटभर माती कंटकरावांच्या नाकावर पडली.

"झालं!" रानोजीशेठ म्हणाले. "म्हटलं वास्तूनं तथास्तु. आत्तापर्यंत टेकत होता. आता नाही टेकायचा."

"शेठ, तो आधीपासूनच टेकत नाही. याचा बुंधा कोणीतरी कुरतडून काढलाय आणि तिथे चिखल भरलाय."

"आधी कोणी बोललं होतं का असं?"

"नाही."

"मग?"

कंटकरावांना हे पटलं. आधी कोणी बोललं नव्हतं, हे तर खरंच होतं.

आता ते बुंध्याचं तुम्हाला सांगून टाकतो. खालचा बुंधा फुगलेला होता आणि त्यानं अर्धा हॉल अडवला होता. शेठनी तो हॉल मोठा करायला म्हणून तोडायला घेतला. तोडताना चाखून पाहिला. गोड लागला. मग सगळाच खाल्ला. रानडुकराला मुळं आवडतात, त्याला तो तरी काय करणार? पण आपण खाल्लेल्या जागेत चिखल भरून वर ठिपके काढायचे, ही त्याची स्वतःची अक्कल.

"बाहेर चला," चिकटेबाई म्हणाल्या. "बाहेर सांगते सगळं."

सगळे अंगणात आले. चिकटेबाईंनी तोंड उघडलं.

"इथे नको," भारद्वाज म्हणाला. "अंगण घरातच धरलंय. सुपर बिल्टअप."

ते जांभळीखाली गेले.

"जांभूळपण धरलंय. सामायिक सावली."

ते ओढ्यापलीकडे गेले. चिकटेबाईंना पाण्याचा कंटाळा, त्या रेशमाच्या पाठीवर बसून गेल्या, काटे सांभाळत.

"इथे बोलू?"

भारद्वाजानं शेठकडे बघितलं. शेठनी मान हलवली.

"इथून पुढे डोंगरापर्यंत व्ह्यू आहे," भारद्वाज म्हणाला. "व्ह्यू पण घरातच लावलाय. कंटकरावांनी टोकनातच त्याचे दोनशे कंद वेगळे दिलेत."

कंटकरावांनी अभिमानानं छाती काढली. आपलं घर इतकं मोठं आहे, हे त्यांना आत्ताच कळलं होतं. डोंगरापर्यंतच्या सगळ्या मुलखात एक खरं वाक्य बोलायला जागा उरली नव्हती.

"तुम्ही असं करा, लिहून द्या," कंटकराव चिकटेबाईंना म्हणाले. "पण चांगल्या शब्दांत हं. घरात ठेवायचा कागद आहे."

चिकटेबाईंनी पळसाचं पान घेतलं. थोडा विचार केला आणि नखानं कोरलं. "घर प्रशस्त आहे. खांब स्वावलंबी असून जमिनीचा आधार घेत नाही. छताला खाली येण्याची ओढ आहे. घरात बसून आकाश पाहण्याचा योग लवकरच संभवतो."

कंटकरावांनी ते दोनदा वाचलं. "आकाशाचंसुद्धा बघितलं बाईंनी," ते खूश होऊन म्हणाले. "पन्नास डास वसूल."

रेशमानं एकदाच वाचलं. तिचा चेहरा उतरला. "अहो, छत पडणार आहे म्हणताहेत त्या!"

"शुभ बोल गं!" कंटकराव कळवळून म्हणाले. "आपण व्ह्यूमध्ये उभे आहोत!"

"मला नको हे घर."

"मग कुठे जायचं? पौर्णिमा आठ दिवसांवर आली. भाचा येतोय."

याला उत्तर काय? तुमच्याकडे असेल तर सांगा, मी थांबतो. नाही ना? भारद्वाज फांदीवर जाऊन बसला, कंटकरावांनी हात जोडले आणि व्यवहार झाला.

निघताना चिकटेबाई रेशमाच्या कानाशी आल्या. "पोरी, पिल्लांना दाराजवळ झोपवत जा," एवढंच बोलल्या. ते वाक्य शुभ की अशुभ, हे भारद्वाजाला ठरवता आलं नाही, म्हणून ते तेवढं राहिलं.

पौर्णिमेला सकाळी वास्तुशांत झाली.

सगळं जंगल जेवायला आलं. रानोजीशेठ खांबाच्या पलीकडे पाहुण्यांत मानानं बसले होते. भारद्वाज खिडकीत होता, म्हणजे सगळ्यांना दिसेल असा. गुरुजी म्हणून ओढ्यावरचा बगळा आला होता. दारात पाहुण्यांची एवढी गर्दी की पिल्लं कोणाच्या तरी पायाखाली येतील, म्हणून रेशमानं त्यांना त्या एका दिवसापुरतं दारापासून हलवून आतल्या खोलीत निजवलं होतं. चिकटेबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. शुभकार्यात पाल कशाला, असं कंटकरावांचं म्हणणं पडलं.

मंत्र झाले. आहुत्या झाल्या. मग वास्तुपुरुषाची मूर्ती पुरायची वेळ आली. ती कुठे पुरतात, ते ठाऊक आहे का? आग्नेय कोपऱ्यात.

"यजमान," बगळा म्हणाला, "इथे खांबाशी वीतभर खणा."

साळिंदराला खणायला सांगितलं की ते वीतभरावर थांबत नाही. शिवाय हे देवाचं काम होतं आणि घर स्वतःचं होतं. कंटकराव डोळे मिटून, मनोभावे खणत सुटले. त्यांनी हातभर खड्डा केला. मग बाजूचा चिखल ढासळला, मग खांबाखालचा ढासळला. कंटकरावांनी डोळे उघडले.

खांब जागेवर होता. त्याच्याखाली काही नव्हतं. त्या मोकळ्या जागेतून पलीकडे बसलेले रानोजीशेठ दिसत होते. त्यांच्या हातातला लाडू तोंडापाशी थांबला होता.

वरती कुठेतरी कर्रर्र झालं.

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी वर बघितलं. वीस-पंचवीस प्राणी होते आणि त्यांतल्या एकालाही कळलं नाही असं नव्हतं. पण वास्तुशांतीच्या दिवशी, होमासमोर, छत पडतंय असं म्हणायचं कोणी?

"बाहेर काय छान वारा सुटलाय," अस्वलीण म्हणाली.

"हो ना. मला तर बाई बाहेरच जेवायला आवडतं," भेकर म्हणालं.

"बसा हो, जिलबी यायचीय," कंटकराव म्हणाले. त्यांचं यजमानपण सुटत नव्हतं.

"नाही, येतोच आम्ही. घर फार छान आहे."

"पुन्हा या."

"येऊ की. घर राहिलं तर—"

"शुभ बोला!"

सगळे उठले. कोणी धावलं नाही. धावणं बरं दिसलं नसतं. दारात रांग लागली. प्रत्येक जण हसत होता, प्रत्येकीला हळदकुंकू लावून घ्यायचं होतं, आणि ज्यानं त्यानं "तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही आधी" चालवलं होतं. रानोजीशेठ मात्र कधीच बाहेर पडले होते. भारद्वाज खिडकीतून उडाला होता. शुभशकुनाला घरातून जायला रांग लागत नाही.

रेशमा आतल्या खोलीत धावली. पिल्लं झोपली होती. ती त्यांना घेऊन हॉलमध्ये आली आणि दार अडलेलं पाहिलं. सगळ्यांच्या हसऱ्या पाठी. वरून आता मूठमूठ माती पडत होती. एक ढेकूळ एका पिल्लाच्या मऊ काट्यांवर पडलं आणि ते दचकून किंचाळलं.

रेशमानं दोघांना खाली ठेवलं, कारण तोंड मोकळं असल्याशिवाय ओरडता येत नाही.

"छत पडतंय!" ती ओरडली. "मरायचं नसेल तर पळा! अहो, तो पाट सोडा आणि एक पिल्लू उचला!"

रांग फुटली. अस्वलीण भेकरावरून गेली, भेकर बगळ्यावरून गेलं. कंटकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं वाक्य पूर्ण होण्याआधी ऐकलं. दोघं दोन पिल्लं घेऊन बाहेर आले आणि मागे दरड बसली. वडासकट बसली. धूळ खाली आली तेव्हा घराच्या जागी आकाश दिसत होतं, पानावर कोरलं होतं तसं.

रेशमानं पिल्लं मोजली. दोनच होती, तरी तिनं चार वेळा मोजली. मग ती जमिनीवर बसली आणि रडली. सात वर्षांचे कंद त्या ढिगाऱ्यात गेले होते, आणि तिला त्यांची आठवणही झाली नाही.  असो.

सगळ्यात आधी रानोजीशेठ बोलले. "पाडलंत माझं घर, वहिनी?"

"मी?"

"उभं होतं की नाही? तुम्ही बोललात, वास्तूनं तथास्तु म्हटलं, पडलं."

"मी साक्षीदार आहे," भारद्वाज वरून म्हणाला. "आधी वहिनी बोलल्या. मग छत पडलं. आधी छत पडून मग बोलल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती. क्रम बघा."

पाहुण्यांनी क्रम बघितला. क्रम तसाच होता. "बोलल्या खऱ्या," भेकर कपाळावरचं कुंकू पुसत म्हणालं. "आणि केवढ्यानं बोलल्या." तिच्या ओरडण्यानं वाचलेले सगळे माना डोलवायला लागले. त्या माना धडावर होत्या त्या कोणामुळे, याचा त्यांना पाच मिनिटांत विसर पडला होता.

कंटकरावांनी हातातल्या पिल्लाकडे बघितलं, शेठकडे बघितलं. "रेशमा," ते हळूच म्हणाले, "जरा शुभ शब्दांत ओरडली असतीस तर..."

इथे मला कंटकरावांचा फार राग येतो. गोष्ट माझी आहे, मी त्यांना हवं ते बोलायला लावू शकतो. पण असे नवरे मी बघितलेत, ते असंच बोलतात.

रेशमानं डोळे पुसले. ती उठून उभी राहिली. "म्हणजे मी बोलले म्हणून घर पडलं?"

"हो," रानोजीशेठ म्हणाले.

"सगळ्यांचं हेच म्हणणं?"

"हेच," सगळे म्हणाले.

"शेठ, तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"बरं," रेशमा म्हणाली. तिनं एक पिल्लू तोंडात धरलं, दुसरं कंटकरावांच्या हाती होतंच, आणि ती चालायला लागली. ती ओढा ओलांडून गेली, टेकडी चढून गेली. काय होतंय ते बघायला सगळं जंगल तिच्या मागे निघालं. टेकडीवर, काळ्या खडकात, रानोजीशेठचं स्वतःचं घर होतं. एका दगडात कोरलेलं, सागाच्या चार मुळांवर उभं, आणि त्यांतलं एकही मूळ शेठनी चाखलेलं नव्हतं.

रेशमा आत गेली. हॉलच्या मधोमध बसली. पिल्लाला मांडीवर घेतलं. भोवती बघितलं.

"शेठ, छान आहे हो घर."

"हं," शेठ म्हणाले. ते दारातच थांबले होते.

"या खांबाबद्दल बोलू का?"

"नको!"

"मग छताबद्दल बोलते."

"नको नको! वहिनी, चहा घ्या!"

"दोन्ही नको? तर मग ती मागची भिंत—" रेशमानं तोंड उघडलं.

"वहिनी, हात जोडतो!" शेठ खरंच गुडघ्यांवर आले. "इथे माझी बायकामुलं राहतात!"

"माझीही राहत होती," रेशमा म्हणाली.

मग ती शांतपणे म्हणाली, "शेठ, सोपं आहे. बोलल्यानं घर पडत नाही, एवढं सगळ्यांसमोर म्हणा. मी आत्ता उठून जाते. मग ते घर कशानं पडलं, त्याचं आपण नंतर बघू."

दारात सगळं जंगल उभं होतं. शेठनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा रेशमाच्या उघड्या तोंडाकडे. बोलल्यानं घर पडत नाही असं म्हणावं, तर खाल्लेला बुंधा गळ्याशी येत होता. पडतं म्हणावं, तर हे घर चाललं होतं. त्यांनी भारद्वाजाला शोधलं. भारद्वाज कुठेच दिसत नव्हता. दिसत नसण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

"घर घ्या तुम्ही," शेठ म्हणाले. "फक्त बोलू नका."

"थांबा," रेशमा म्हणाली. "असं नाही घ्यायचं."

तिनं चिकटेबाईंना बोलावणं पाठवलं. या वेळी डास कंटकरावांनी धरले. पन्नासाचे एक्कावन्न केले, कारण शुभकार्यात वरती एक लागतो. चिकटेबाई आल्या. भिंत चढल्या, छत फिरल्या, चारही मुळांवरून खालपर्यंत उतरल्या.  कंटकरावांनी पिल्लाचे कान झाकले.

"खांब टेकतात," चिकटेबाई मोठ्यानं म्हणाल्या.

कोणी तथास्तु म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती. ते आधीपासूनच टेकत होते.

त्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे, खवल्या मांजराकडे कोणीतरी राहायला आलं. सामान बरंच होतं, सुळे मोठे होते. करार अकरा महिन्यांचा. शेजाऱ्यांनी विचारलं तर खवल्या मांजरानं सांगितलं, "भाचा आहे."

चिकटेबाईंचा धंदा पुढे फार वाढला. त्यांनी एक सवय मात्र सगळ्यांना लावली होती. त्या चुकचुकल्या, की ऐकणाऱ्यानं उठायचं आणि खांबावर टकटक करून बघायचं. म्हणून आजही पाल चुकचुकली की घरातली मोठी माणसं "कृष्ण कृष्ण" म्हणत बोटानं टकटक करतात. पण ती बसल्या जागी जमिनीवर करतात. खांबापर्यंत उठून जायचं असतं, तेवढं विसरले.

तात्पर्य: घर घेताना तपासनीस जरूर नेमावा. मात्र त्याला आपण घेणार त्या घरात नेऊ नये. ज्यानं ते बांधलं तो स्वतः राहतो, त्या घरात नेऊन बसवावं, आणि तपासनिसानं तोंड उघडायच्या आत किल्ल्या मागून घ्याव्यात.